सोऱ्या, पुल्लिंगी, एकवचनी

विमानतळाच्या सिक्युरिटीच्या टेबलावर चकली पाडलेली बाई माझ्या माहितीत एकच आहे, आणि ती माझी आई. हल्ली कुणी पाण्याची बाटली काढून घेतली, क्रीमची ट्यूब फेकून दिली म्हणून तणतणत असलं, की मी त्या माणसाला खाली बसवते आणि ही हकीकत सांगते. निम्म्यातच तो ट्यूब विसरतो.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही डोंबिवलीला राहायचो, दोन खोल्या आणि पुढे सामायिक गॅलरी. वडील आम्ही लहान असतानाच गेलेले. आई शाळेत मराठी शिकवायची. खरं तर शिकवायची म्हणणं कमी पडेल, ती मराठीची राखण करायची. वाण्याच्या यादीत मी 'जीरे' लिहिलं, तर यादी दुकानात जायच्या आधी लाल पेनाने तपासली जायची. शिक्षा ठरलेली होती, दहा वेळा लिही. मी आणि माझी ताई, आम्ही दोघींनी 'आशीर्वाद' हा शब्द इतक्या वेळा लिहिलाय, की पुढे कुणाकडे मागायची गरजच पडू नये.

ताईने एकच गोष्ट आईकडून तपासून न घेता केली, ती म्हणजे लग्न. ऑफिसातल्या एका बंगाली मुलाशी कोर्टात जाऊन लग्न केलं आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. मुलगा बंगाली असल्याचं आईला काही नव्हतं. सही झाल्यावर सांगितलं, हे तिला लागलं. ती म्हणाली, "माझ्या घरातला चमचासुद्धा तुला मिळणार नाही." ताई तशीच कलकत्त्याला निघून गेली, आणि पुढची चार वर्षं दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

ताईची पत्रं माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर यायची, ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. मी ती घरी आणून टेबलावर उघडी ठेवायचे. आई त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रात लाल खुणा सापडायच्या. मी काही बोलायचे नाही, तीही बोलायची नाही. असं चार वर्षं चाललं होतं आणि मला दोघींचाही भयंकर राग यायचा.

मग एका सप्टेंबरात ताईचं पत्र आलं. दिवस गेलेत, दिवाळीच्या आसपासची तारीख आहे, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलंय, सासूबाई नाहीत, एकटीला भीती वाटते. आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहावी तशी एक ओळ होती. 'इथे सगळं मिळतं, पण चकलीचा सोर्या मिळत नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी 'सोर्या'भोवती लाल गोल होता. समासात लिहिलं होतं, 'दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. तसाच सोऱ्या. दहा वेळा.' आणि त्याच्याखाली, त्याच लाल शाईत, 'दोघींची तिकिटं बघ.' हे माझ्यासाठी होतं.

आमचा सोऱ्या पितळी, आजीचा. जड नळकांडं, आत दट्ट्या, वर गोल फिरवायचा दांडा, आणि खाली बसवायच्या तीन चकत्या. दोन शेवेच्या आणि एक चकलीची, चांदणीच्या आकाराच्या भोकाची. आमच्या आजोळी हा सोऱ्या आईकडून मोठ्या मुलीकडे तिच्या पहिल्या बाळंतपणात जायचा. आजीने तो आईला तसाच दिलेला. आता चमचासुद्धा देणार नाही म्हणालेली बाई सोऱ्या घेऊन निघाली होती. माफी हा शब्द आईला शुद्ध लिहिता यायचा, बोलता यायचा नाही. सोऱ्या एकदा ताईच्या हातात पडला, की तिला काहीच बोलावं लागणार नव्हतं. न पडला तर काय, याचा विचार मला करवत नव्हता.

दिवाळी तोंडावर, त्यामुळे रेल्वेचं रिझर्वेशन मिळण्याची आशाच नव्हती. जिजाजींनी विमानाची दोन तिकिटं पाठवून दिली. आम्ही दोघींनी तोवर विमान पाहिलं होतं ते गॅलरीतून, मान वर करून.

खालच्या मजल्यावरच्या काकांना मात्र ऑफिसने एकदा विमानाने दिल्लीला पाठवलेलं. त्या एका फेरीच्या जोरावर ते अख्ख्या बिल्डिंगचे विमानखात्याचे मंत्री होते. त्यांनी आमची तालीम घ्यायचं ठरवलं. गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली दोन खुर्च्या ठेवून गेट केलं. हातात टॉर्च घेतली, सेल काढलेली, कारण सेल विमानात चालत नाहीत. ती टॉर्च ते आमच्या अंगाभोवती फिरवायचे आणि तोंडाने 'टूं टूं' करायचे. सगळ्या मजल्यांवरची माणसं कठड्याला टेकून बघत होती.

"चाकू नाही, कात्री नाही, सेल नाही, नारळ नाही," काकांनी बोटांवर मोजलं.

"नारळ का नाही?" आईने विचारलं.

"बाई, उद्या कुणी वैमानिकाच्या डोक्यात मारला तर?"

"नारळ वाढवतात," आई म्हणाली. "मारत नाहीत."

सूटकेस आम्ही नाक्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन केली. डिंक, हळीव, सुंठ, बाळंतविडा, झबली, दुपटी. रद्दीवाल्याने सवयीने विचारलं, "पेपर आहेत का वह्या?" काटा विमानकंपनीने सांगितलेल्या आकड्यावर येऊन टेकला होता. आत आता मिठाची पुडीही मावली नसती. म्हणून सोऱ्या हातातल्या पिशवीत आला. तसाही आई तो नजरेआड करणार नव्हती. सोबत चकलीच्या भाजणीचा डबा, तीळ, ओवा, तिखट, मीठ सगळं घालून तयार.

काकांनी शेवटचा धडा दिला. "विचारतील तेवढंच सांगायचं. एका शब्दात. जास्त बोललात की संशय येतो. खोटं तर बोलायचंच नाही. यात काय आहे?"

"भाजणी."

"आणि यात?"

"सोऱ्या."

"शंभरपैकी शंभर," काका म्हणाले. पुढे जे रामायण झालं त्याचं मूळ त्या शंभर मार्कांत आहे.

पहाटे टॅक्सीने निघालो, शीळफाट्यावरून. आईने पिशवी मांडीवर धरली होती. खड्डा आला की ती स्वतःला नाही, पिशवीला सावरायची. विमानतळावर सूटकेस दिली, कार्डं घेतली आणि सिक्युरिटीच्या रांगेत उभ्या राहिलो. बायकांची तपासणी करायला एक कॉन्स्टेबल होती, माझ्याच वयाची, गुटगुटीत, खाकी साडी. तिने आईच्या घड्याळाच्या पट्ट्याला अडकवलेल्या तीन सेफ्टी पिना बघितल्या आणि काही न बोलता सोडून दिल्या. तिच्या स्वतःच्या बांगडीला चार होत्या.

पिशवी मशीनमध्ये गेली आणि पट्टा थांबला. पुन्हा मागे आला. पुन्हा पुढे गेला. पडद्यासमोर बसलेला माणूस म्हणाला, "पाइप आहे. आत रॉड आहे. वर हँडल आहे." कॉन्स्टेबलने पिशवी उचलून टेबलावर ठेवली.

"मावशी, काय हाय ह्यात?"

आई तालमीत उभी राहायची तशी ताठ झाली. "सोऱ्या."

कॉन्स्टेबल एक पाऊल मागे सरली. "सुऱ्या?"

"हो," आई म्हणाली. तिला आपला शब्दच ऐकू आला होता.

"किती हायेत?"

"एकच."

"एकच हाय तर सुरी म्हना की, मावशी. सुऱ्या काय म्हनताय?"

आता इथे कुणी आईला खुनी म्हटलं असतं तरी तिने ते सोसलं असतं. पण वचनाची चूक, आणि तीही आपल्या नावावर? काकांचा धडा त्या क्षणी गेला. "बाई, तुम्ही 'सु' ऐकताय, मी 'सो' म्हणतेय. सुऱ्या स्त्रीलिंगी, अनेकवचनी. सोऱ्या पुल्लिंगी, एकवचनी. विभक्ती लागताना..."

"साहेब!" कॉन्स्टेबलने हाक मारली. "ह्या बाईंकडं सुऱ्या बी हायेत आन आनखी कोन सोऱ्या म्हनून बी हाय!"

साहेब आले. मागची रांग पुढे सरकली, कारण असं काही चालू असताना लांब उभं राहणं माणसाला जमत नाही. मला इतकं हसू येत होतं की मी ओढणी तोंडात कोंबली होती. त्यामुळे माझ्यावरचाही संशय वाढला असणार. साहेबांनी फडकं सोडून सोऱ्या बाहेर काढला, दांडा फिरवला, नळकांड्यातून एक डोळा मिटून पाहिलं.

"हे काय आहे?"

"चकली करायचं यंत्र आहे," मी म्हणाले, आणि 'यंत्र' म्हटल्याचा लगेच पश्चात्ताप झाला.

"मॅडम, चकली दुकानात मिळते. हे काय आहे ते मला कसं कळणार?"

आईने शांतपणे घड्याळाकडे पाहिलं. "मला कपभर गरम पाणी मागवा."

बाईंना चक्कर येते आहे असं वाटून साहेबांनी लगबगीने चहाच्या स्टॉलवर माणूस पाठवला. मला मात्र कळलं. मी म्हणाले, "आई, नको." तिने डबा उघडलेला होता.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. डब्याच्या झाकणात भाजणी घेतली, गरम पाणी ओतलं आणि ती मळायला लागली. मागून कुणी सांगत होतं, पीठ सैल होतंय. दुसरी एक बाई म्हणाली, नाही, चांगलं मुरायला हवं. आईने वर न बघता म्हटलं, "मोहन घालायला तेल नाही, तुटेल. आधीच सांगते." तेव्हा रांगेतल्या एका गृहस्थांनी बॅगेतून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढून पुढे केली. डोक्याचं. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बाटली घेऊन रांगेच्या टोकाला गेले.

पहिली चकली पडता पडता तिचे तीन तुकडे झाले. "मोहन नाही," आई पुन्हा म्हणाली. मग तिने श्वास रोखून दांडा फिरवला. पीठ चांदणीतून उतरलं, वर्तमानपत्रावर एक वेढा झाला, दुसरा, तिसरा, आणि तिने शेवटचं टोक बोटाने अलगद दाबून चिकटवलं. कच्ची, पण अख्खी चकली. काटे कसे टोकदार, ओळीने उभे.

"अगं बया!" कॉन्स्टेबल ओरडली. "ह्यो तर साचा! आमच्या गावाकडं साचा म्हनत्यात ह्याला. मावशी, आधी साचा म्हनायचं ना!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. साहेब चकलीकडे बघतच राहिले. "माझी आईपण टोक असंच चिकटवायची," ते हळूच म्हणाले. मग त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं. "चकली मान्य आहे, मॅडम. पण एवढा पितळी ठोकळा हातात घेऊन विमानात बसता येणार नाही. इथे ठेवून जा."

आईचा चेहरा उतरला. तसा मी तो त्याआधी एकदाच पाहिला होता, ताई जिना उतरून गेली तेव्हा. तिने सोऱ्या उचलला, भिंतीलगतच्या खुर्चीत जाऊन बसली आणि तो मांडीवर घेतला. "मग मी जात नाही," ती म्हणाली.

मी पहिल्यांदाच तिच्यावर उघड चिडले. "आई, ताईला तू हवी आहेस. सोऱ्या नाही."

"हा दिल्याशिवाय मी तिच्यासमोर काय तोंड घेऊन उभी राहू?" ती म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली. वर भोंग्यातून आमच्या विमानाची सूचना झाली.

साहेबांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, एक रस्ता आहे. लोकांच्या काढून घेतलेल्या वस्तू पाकिटात बंद करून विमानातल्या कर्मचाऱ्यांकडे देतात, उतरल्यावर परत मिळतात. सोऱ्या मावेल असं पाकीट नव्हतं, म्हणून आईच्याच पिशवीचं तोंड बांधायचं ठरलं. चकलीच्या चकतीला पीठ चिकटलेलं. कॉन्स्टेबल म्हणाली, "द्या मावशी, धुऊन आनते," आणि पलीकडे रजिस्टर लिहीत बसलेल्या दुसरीला लेबल लिहायला सांगून नळाकडे पळाली. दुसरीने रजिस्टरात आईचं नाव, डोंबिवलीचा पत्ता लिहून घेतला आणि लेबलवर लिहिलं, 'सोर्या, १ नग.' विमान सुटायला आलेलं. आईने पर्समधून लाल पेन काढून रफार खोडला, ऱ्य नीट काढला, आणि मगच आम्ही धावलो.

विमानात मी ढग बघत होते. आईने हवाई सुंदरीला दोनदा विचारलं, "तो नीट आहे ना? पुढे कुणाजवळ आहे?" ती बिचारी प्रवाशांची यादी घेऊन आमच्याबरोबरचा पुरुष शोधत होती.

कलकत्त्याला पिशवी हातात आली. आईने तिथेच उभ्या उभ्या गाठ सोडली. नळकांडं होतं. दट्ट्या होता. शेवेच्या दोन्ही चकत्या होत्या. चकलीची चकती नव्हती. ती अजून मुंबईच्या नळाखाली होती. आईने पुन्हा गाठ बांधली. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मला रडू फुटत होतं. इतका तमाशा करून आम्ही निम्माच सोऱ्या आणला होता.

ताई पलंगावर उशांना टेकून बसली होती, एवढं मोठं पोट घेऊन. आई दारात थांबली. मग सरळ आत जाऊन तिने सोऱ्या ताईच्या बाजूला ठेवला. ताईने तो उचलला, नळकांडं डोळ्याला लावलं आणि त्यातून आईकडे पाहिलं.

"चकती कुठंय?"

चार वर्षांनंतरचा पहिला शब्द.

"राहिली," आई म्हणाली. "सिक्युरिटीत."

ताईने नळकांडं डोळ्यावरून काढलं. "चमचासुद्धा देणार नाही म्हणालेलीस. निम्मा दिलास, निम्मा ठेवलास. म्हणजे शब्दही निम्मा पाळलास." आणि ती अशी हसत सुटली की जिजाजी कळा सुरू झाल्या समजून स्वयंपाकघरातून धावत आले. आईपण हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "पोट धरून हसू नकोस गं," ती ताईच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "डॉक्टर ओरडतील." मी दारातच बसून घेतलं.

त्या दिवाळीला जिजाजींनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण कापून, खिळ्याने चांदणी पाडून चकती केली. त्या चकल्यांना काटे नव्हते, कोपरे होते. आम्ही सगळ्या खाल्ल्या. दिवाळीनंतर चार दिवसांनी ताईला मुलगी झाली. सोऱ्या तिथेच राहिला, राहायलाच गेला होता. मी आधी परतले, आई जानेवारीत आली.

तिच्या पाठोपाठच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात फुलाफुलांच्या साडीतली एक बाई उभी होती. बांगडीच्या सेफ्टी पिना बघून मला ओळख पटली. कॉन्स्टेबल. ठाण्याला वर्तकनगरच्या क्वार्टर्समध्ये राहायची, सुट्टी काढून आली होती. पत्ता रजिस्टरात होता. आधी दोनदा येऊन गेली तर कुलूप होतं. तिने रुमालाची पुरचुंडी सोडली. चकती चिंचेने घासून लखलखीत केलेली.

"मावशी," ती म्हणाली, "तुमच्या सोऱ्याची चकती आनलीय." 'सो' असा गोल, स्पष्ट.

"विभक्तीसुद्धा बरोबर," आई म्हणाली, आणि तिला जेवायलाच बसवलं.

ती गेल्यावर मी म्हटलं, उद्या रजिस्टर पोस्टाने ताईला पाठवते. आई म्हणाली, काही नको. तिने अंतर्देशीय पत्र काढलं. चार वर्षांत स्वतः लिहिलेलं पहिलं पत्र. मजकूर एवढाच. 'चकती मिळाली आहे. पोस्टाने पाठवणार नाही. सोर्या घेऊन ये.'

मी ते तीनदा वाचलं. रफार होता. ठळक, ऐटीत, चुकीच्या जागी. मी आईकडे पाहिलं, ती भाजी निवडत होती. पत्र तसंच पेटीत टाकलं.

पंधरा दिवसांनी कलकत्त्याहून पाकीट आलं. आत आईचंच पत्र होतं. 'सोर्या'भोवती लाल गोल, बाजूला ताईच्या अक्षरात 'दहा वेळा.' आणि त्याच्याखाली, 'तुझ्या शाळेला सुट्टी लागली की येतो. तिघं. तोवर वही तयार ठेव.'

आईने वही घेतली, समास आखला आणि टेबलाशी बसून लिहायला लागली. संध्याकाळी मी जाऊन मोजलं तर नऊच होते. मी म्हटलं, आई, एक राहिला.

"राहू दे," ती म्हणाली. "तो ती आली की तिच्यासमोर लिहीन."